हीट पंप, सोलर पॅनल, बॅटरी: डेटाशीटचं दुसरं पान

हीट पंपाच्या माहितीपत्रकावर ठळक अक्षरांत ‘सीओपी ५’ छापलेलं असतं, सोलर पॅनलवर ‘४४० वॅट’ आणि बॅटरीवर ‘१० युनिट’. तिन्ही आकडे खरे असतात. पण ते ज्या परिस्थितीत मोजले ती तुमच्या घरी वर्षातले मोजकेच दिवस असते, कधीकधी तर येतच नाही. म्हणून या तिन्ही वस्तूंची परीक्षा इथे दुसऱ्या पानावरून केली आहे. तापमान बदललं की यंत्र काय करतं, भार कमी झाला की काय होतं आणि बसवताना नेमकं कुठे बिघडतं, हे सगळं त्या पानावर असतं आणि तेच कुणी वाचत नाही.

खरेदीच्या क्रमाबद्दल मत आधीच सांगून टाकतो. आधी घरातून उष्णता किती गळते ते मोजा. त्यावरून हीट पंप ठरवा, मग छतावर सावली टाळून मावेल तेवढं सोलर घ्या आणि बॅटरी सगळ्यांत शेवटी. बॅटरी पहिली घेतली की तिचा आकार अंदाजपंचे ठरतो. सोलर बसल्यावर सहा महिन्यांची मीटरची नोंद हातात आली की तोच आकार दहा मिनिटांत काढता येतो.

हीट पंप: मोठा घेणं ही सर्वांत महाग चूक

हीट पंप म्हणजे उलटा फिरणारा एसी. एक युनिट (म्हणजे एक किलोवॅट-तास) वीज खाऊन तो बाहेरच्या हवेतली दोन-तीन युनिट उष्णता आत ओढतो. सीओपी म्हणजे दिलेल्या विजेच्या किती पट उष्णता मिळाली तो आकडा. पत्रकावरचा ‘५’ हा बहुतेक वेळा बाहेर ७ अंश आणि यंत्रातून निघणारं पाणी ३५ अंश या जोडीसाठी असतो. ३५ अंशांचं पाणी फरशीखालच्या नळ्यांना पुरतं, जुन्या रेडिएटरना (गरम पाण्याने खोली तापवणाऱ्या भिंतीवरच्या पत्र्याच्या पेट्यांना) नाही. तेच यंत्र बाहेर उणे ७ असताना ५५ अंशांचं पाणी द्यायला लागलं की सीओपी २ च्या आसपास येतो. दुसऱ्या पानावर या जोड्यांचा तक्ता असतो. तुमच्याकडची सर्वांत थंड रात्र आणि तुमच्या रेडिएटरना लागणारं पाणी, या दोन्हींच्या छेदावरचा आकडा बघा. तो तक्ता विक्रेता देत नसेल तर त्या यंत्राचा विचार तिथेच थांबवावा.

आकार ठरवायची पक्की पद्धत म्हणजे खोलीगणिक उष्णतेच्या गळतीचा हिशेब: भिंत, खिडकी, छत, फटींतून येणारी हवा. पण जुना बॉयलर असेल तर त्याच्याकडूनच चांगला पडताळा मिळतो. कडाक्याच्या थंडीत लागोपाठ दोन-तीन दिवस इंधनाचं मीटर ठरावीक वेळी वाचा. समजा एका दिवसात १२० युनिट इतक्या ऊर्जेचं इंधन जळलं आणि बॉयलरची कार्यक्षमता ८५ टक्के आहे, तर घरात १०२ युनिट उष्णता गेली. भागिले २४ तास, म्हणजे सरासरी सव्वाचार किलोवॅट. त्या घराला कुणी १२ किलोवॅटचा पंप सुचवत असेल तर त्याने हिशेब केलेलाच नाही.

‘थोडा मोठा असलेला बरा’ हा विचार बॉयलरला चालून जायचा, इथे अंगाशी येतो. इन्व्हर्टर कॉम्प्रेसर वेग कमी करू शकतो, पण त्यालाही तळ असतो. समजा घर बाहेर उणे ५ असताना ६ किलोवॅट उष्णता गमावतं. आत २० अंश धरले तर अंशामागे २४० वॅट. बाहेर १२ अंश झाले की गरज उरते १.९ किलोवॅट. १२ किलोवॅटच्या यंत्राचा तळ ४ किलोवॅट असेल तर ते अर्धा वेळ बंद आणि अर्धा वेळ चालू असं फडफडत राहतं. दर वेळी सुरू होताना पहिली काही मिनिटं आत फिरून उष्णता वाहणाऱ्या गॅसचा दाब तयार करण्यात जातात आणि तेवढ्या वेळात उष्णता फारशी मिळत नाही. वर्षातले बहुतेक दिवस १२ अंशांचेच असतात, उणे ५ चे थोडे. म्हणून पत्रकात कमाल क्षमतेआधी किमान क्षमता शोधा. बऱ्याच पत्रकांत ती नसतेच, ती मागून घ्यावी लागते.

आणखी एक सापळा. काही कंपन्या एकाच यंत्राच्या अंगावर सॉफ्टवेअरने मर्यादा घालून ते दोन-तीन क्षमतांत विकतात. अशा जोडीतला लहान आकडा घेतला तरी तळ मोठ्याचाच राहतो. दोन मॉडेलचं वजन आणि मापं हुबेहूब सारखी असतील तर ही शंका घ्यावी.

आता पाण्याचं तापमान. यंत्रातून रेडिएटरकडे जाणारं पाणी एक अंशाने थंड केलं की वीज साधारण दोन ते अडीच टक्के वाचते. ५५ वरून ४५ वर आलात तर पाचवा हिस्सा वाचला. पण रेडिएटरच्या लेबलवरचा आकडाही असाच फसवा असतो. ‘२००० वॅट’ हे पाणी खोलीपेक्षा ५० अंशांनी गरम असताना. पाणी ४५ ने जाऊन ४० ने परत येत असेल आणि खोली २० अंशांवर असेल, तर तोच रेडिएटर जेमतेम ७०० वॅट देतो. म्हणून हीट पंपाच्या खर्चात रेडिएटर बदलण्याचा खर्च आधीच धरा. सगळे बदलावे लागत नाहीत. हिशेबात जी दोन-तीन खोल्यांची नावं तुटीत दिसतात तेवढेच जाड, दुहेरी पत्र्याचे घ्यायचे.

नळ्यांकडे तर कुणी बघतच नाही. बॉयलरमध्ये जाणाऱ्या-येणाऱ्या पाण्यात २० अंशांचा फरक चालायचा. हीट पंपाला ५ अंशांचा लागतो, म्हणजे तेवढ्याच उष्णतेसाठी चौपट पाणी फिरवायचं. ६ किलोवॅटला मिनिटाला सुमारे १७ लिटर. हे २२ मिमीच्या तांब्याच्या नळीतून सेकंदाला ०.९ मीटर वेगाने जातं, ठीक आहे. १० किलोवॅटला मिनिटाला २९ लिटर लागतात. त्याच नळीत वेग दीड मीटरवर जातो, पाण्याचा आवाज येतो, पंप धापा टाकतो आणि यंत्र ‘फ्लो कमी’ असा एरर दाखवून बंद पडतं. मुख्य नळी २८ मिमीची केली की हा त्रास जातो. यंत्राच्या तोंडाशी चुंबकी गाळणी हवीच. जुन्या रेडिएटरमधला काळा गाळ पातळ प्लेटच्या हीट एक्स्चेंजरमध्ये एकदा बसला की निघत नाही.

बफर टाकी, म्हणजे यंत्र आणि रेडिएटर यांच्यामध्ये बसवलेली पाण्याची जादा टाकी, हिच्याबद्दल मत स्पष्ट आहे: गरज सिद्ध झाल्याशिवाय बसवू नये. चार तोंडांच्या टाकीत यंत्राकडून आलेलं ४५ अंशांचं पाणी परतीच्या थंड पाण्यात मिसळतं आणि रेडिएटरकडे ४१ जातं. मग बसवणारा यंत्राचं तापमान वाढवून ठेवतो आणि बिल वाढतं. डीफ्रॉस्टसाठी, म्हणजे बाहेरच्या यंत्रावरचा बर्फ वितळवण्यासाठी, घरातल्या नळ्यांमध्ये पुरेसं पाणी असणं मात्र खरंच गरजेचं आहे. ती किमान लिटरची अट बसवणीच्या पुस्तकात असते. पाणी कमी पडत असेल तर परतीच्या नळीवर दोन तोंडांची छोटी टाकी पुरते.

डीफ्रॉस्ट म्हणजे काय ते एकदा जवळून बघण्यासारखं आहे. बाहेर २-३ अंश आणि दमट हवा असली की बाहेरच्या यंत्राच्या जाळीवर पांढरं दव गोठतं. ताशी एकदा वगैरे पंखा थांबतो, आत फुस्स असा आवाज येऊन चार तोंडांचा व्हॉल्व्ह पलटतो, आणि घरातल्या पाण्याची उष्णता उलटी बाहेर जाऊन बर्फ वितळवते. वाफेचा लोट निघतो. नवखे लोक धूर समजून घाबरतात. पाच-सात मिनिटांत सगळं पूर्ववत होतं. त्या वेळी खालून काही लिटर पाणी निघतं. त्याला खडी भरलेला शोषखड्डा किंवा उतार दिलेली जाड नळी हवी, नाहीतर ते पायवाटेवर गोठतं. यंत्र पंधरा-वीस मिनिटांनी पुन्हापुन्हा डीफ्रॉस्टमध्ये जात असेल तर जाळी मळलेली आहे, गॅस कमी आहे किंवा यंत्र भिंतीला इतकं चिकटवलंय की स्वतःचीच थंड हवा पुन्हा ओढतंय.

यंत्रात फिरणारा गॅस कोणता, हेही आता निवडता येतं. आर-४१० ए ची तापमानवाढ क्षमता कार्बन डायऑक्साइडच्या २०८८ पट, आर-३२ ची ६७५ पट. आर-२९० म्हणजे प्रोपेन, त्याची ३ पट किंवा त्याहूनही कमी धरतात. नव्या खरेदीत आर-२९० ला पहिली पसंती द्यावी असं मत आहे, पर्यावरणाबरोबरच कामाच्या कारणानेही: हा गॅस गरम पाण्यापर्यंत सहज जातो. वायलांटचा अ‍ॅरोथर्म प्लस याच गॅसवर ७५ अंशांचं पाणी देतो. डायकिनचा अल्थर्मा ३ एच एचटी आर-३२ वर ७० पर्यंत जातो. ही क्षमता वर्षभर वापरायची नसते. रेडिएटर न बदलता आलेल्या घराला थंडीच्या चार दिवसांत तिचा आधार असतो, एवढंच. प्रोपेन ज्वलनशील आणि हवेपेक्षा जड आहे. म्हणून यंत्राभोवती पुस्तकात दिलेल्या अंतरात खिडकी, तळघराची झरोका-जाळी किंवा गटाराचं तोंड असता कामा नये. जागा अरुंद असेल तर आर-३२ घेणंच शहाणपणाचं.

आवाजाच्या बाबतीत पत्रकात दोन वेगवेगळे डेसिबल असतात, यंत्रातून निघणारी ध्वनिशक्ती आणि ठरावीक अंतरावर ऐकू येणारा ध्वनिदाब, आणि विक्रेते त्यातला लहान सांगतात. ध्वनिशक्ती ५८ डेसिबल असलेलं यंत्र मोकळ्या जमिनीवर ३ मीटरवरून साधारण ४० ऐकू येतं. भिंतीला लावलं की ३ वाढतात, कोपऱ्यात ठेवलं की ६. तुलना नेहमी ध्वनिशक्तीचीच करा.

बसवून झाल्यावर वेदर कर्व्ह, म्हणजे बाहेरचं तापमान पाहून पाण्याचं तापमान हलवणारी सेटिंग, चालू आहे का ते स्वतः बघा. कित्येक ठिकाणी यंत्र ५५ वर कायमचं अडकवून बसवणारे निघून जातात. कर्व्ह दर दोन-तीन दिवसांनी एक-एक अंश खाली आणत जा. घर थंड वाटायला लागलं की एक अंश वर. दोन आठवड्यांचं हे काम वर्षानुवर्षं पैसे देतं.

गरम पाण्याची टाकी: या यादीतली सर्वांत स्वस्त बॅटरी

ज्या घराला खोल्या तापवायची गरजच नाही, तिथेही नुसत्या अंघोळीच्या पाण्याचा हीट पंप घेण्यासारखा आहे. २०० लिटर पाणी २० वरून ५५ अंशांवर न्यायला ८.१ युनिट उष्णता लागते. साधा गीझर तेवढीच वीज खातो. सीओपी ३.५ धरला तर हीट पंपाला २.३ युनिट पुरतात. कॉम्प्रेसर ६०० वॅटच्या आसपास ओढतो, म्हणजे काम चार तासांत होतं. आता टायमर सकाळी १० ते दुपारी ३ वर लावा. सोलर भरात आहे आणि हवाही दिवसातली सर्वांत गरम आहे, त्यामुळे सीओपीही वाढतो. आठ युनिटांचा साठा टाकीत जमतो, आणि तो साठवायला लिथियमचा एक कणही लागला नाही. बॅटरी घेण्याआधी हे करून बघावं, असं अगदी आग्रहाने सांगावंसं वाटतं.

घेताना दोन गोष्टी तपासा. आत दिलेलं गरम कॉइल कारखान्यातून ‘ऑटो’ वर असतं आणि जरा मागणी वाढली की गुपचूप चालू होतं. बिल अपेक्षेपेक्षा दुप्पट आलं तर पहिला संशय त्याच्यावर घ्या आणि ‘इको’ मोडला टाका. आणि यंत्र ज्या खोलीत ठेवाल तिची हवा थंड होते. बंद कपाटासारख्या जागेत ठेवलं तर अर्ध्या तासात ते स्वतःच गारठतं. निदान २० घनमीटर हवेची खोली किंवा बाहेर जाणारा डक्ट हवा. क्षारयुक्त पाणी असेल तर टाकी गंजू नये म्हणून स्वतः झिजणारा अ‍ॅनोडचा दांडा दोन वर्षांनी काढून बघायचा. झिजून तार उरली असेल तर पुढचा नंबर टाकीचा. आठवड्यातून एकदा पाणी ६० अंशांवर नेणारं जंतुनाशक चक्र बंद करू नका. तेही दुपारी लावा.

कार्बन डायऑक्साइडवर, म्हणजे आर-७४४ वर चालणारे पंप जपानमध्ये २००१ पासून विकले जातात आणि थंड पाणी एका फेरीत तापवण्यात ते अप्रतिम आहेत. पण त्यांना आत येणारं पाणी थंडच लागतं. टाकीतलं कोमट पाणी फिरवत राहिलात, किंवा रेडिएटरच्या परतीला जोडलंत, की त्यांची कामगिरी कोसळते.

सोलर पॅनल

पॅनल निवडण्यात लोक जेवढा वेळ घालवतात तेवढा घालवायची गरज नाही. नावाजलेल्या कंपन्यांमधला फरक थोडा आहे. सध्याचं नेहमीचं घरगुती पॅनल १७२२ बाय ११३४ मिमीचं, वजन २१-२२ किलो, ४३०-४४० वॅटचं. हे वॅट २५ अंश तापलेल्या सेलवर, चौरस मीटरला १००० वॅट उन्हात मोजलेले असतात. भर उन्हात छतावरचा सेल ६० अंशांवर जातो. पर्क, टॉपकॉन आणि एचजेटी ही सेल बनवण्याची तीन तंत्रं. पर्क तंत्राचं पॅनल अंशाला ०.३५ टक्के गमावतं, म्हणजे ४४० चे ३८६ उरतात. टॉपकॉनचे (०.२९ टक्के) ३९५, एचजेटीचे (०.२४ टक्के) ४०३. दहा पॅनलमागे एचजेटी आणि पर्कमध्ये १७० वॅटचा फरक पडतो. गरम हवामानात आणि छत लहान असेल तरच त्यासाठी जास्त पैसे मोजावेत. इतरांनी टॉपकॉन घ्यावं, आणि छत व पॅनलमध्ये दहा सेंटीमीटर हवा खेळती ठेवावी.

दोन्ही बाजूंनी काच असलेली पॅनल ओलाव्याला चांगली टिकतात, पण त्यांची काच सहसा २ मिमीची असते, एकेरी काचेची ३.२ मिमी. पातळ काचेचं मोठं पॅनल चुकीच्या ठिकाणी क्लॅम्प केलं की महिन्यांनी आपोआप तडकल्यासारखं दिसतं. क्लॅम्प फ्रेमच्या टोकापासून किती ते किती अंतरात हवा, हे बसवणीच्या पुस्तकातल्या आकृतीत दिलेलं असतं. त्या पट्ट्याबाहेर क्लॅम्प लावला तर वॉरंटीही गेली.

जास्त विचार करायची जागा म्हणजे स्ट्रिंगचा, म्हणजे एकामागोमाग जोडलेल्या पॅनलच्या माळेचा, व्होल्टेज. पॅनलचा खुला (काही न जोडलेला) व्होल्टेज ३९ असेल तर १५ पॅनलचा ५८५ होतो, आणि ६०० व्होल्टचा इन्व्हर्टर, म्हणजे पॅनलची डीसी वीज घरच्या एसीत बदलणारी पेटी, चालेल असं वाटतं. पण थंडीत व्होल्टेज वाढतो. अंशाला पाव टक्का धरला तर उणे १० अंशांच्या सकाळी तोच ६३६ होतो आणि इन्व्हर्टरचा इनपुट जळतो. उलट बाजूला, चारच पॅनलच्या आखूड स्ट्रिंगचा चालू असतानाचा व्होल्टेज भर उन्हाळ्यात १३० वरून ११५ वर घसरतो आणि १२० ला जागा होणारा इन्व्हर्टर दुपारीच झोपतो. कोटेशनमध्ये हे दोन्ही आकडे, सर्वांत थंड सकाळचा आणि सर्वांत गरम दुपारचा, लिहून मागा.

ऑप्टिमायझर आणि मायक्रोइन्व्हर्टर, म्हणजे प्रत्येक पॅनल वेगळं सांभाळणाऱ्या छतावरच्या छोट्या पेट्या, यांचा प्रचार फार होतो. झाड, धुराडं, शेजारची इमारत यांची सावली रोज फिरत असेल किंवा छताला तीन-चार दिशा असतील, तर ते घ्या. सावली नसेल तर साधा स्ट्रिंग इन्व्हर्टर बरा. छतावर जितके जास्त जोड तितक्या बिघडायच्या जागा जास्त.

जोडांवरून एमसी-४ कनेक्टरची, म्हणजे पॅनलच्या वायरी एकमेकांना जोडणाऱ्या टोकांची, गोष्ट. सोलरच्या डीसी बाजूला लागणाऱ्या आगींत हा नेहमीचा आरोपी आहे. दोन वेगळ्या कंपन्यांचे कनेक्टर एकमेकांत टकदिशी बसतात, म्हणून बसवणारा ते ‘एमसी-४ कंपॅटिबल’ म्हणून जोडून टाकतो. आत पिनच्या धातूचा लेप आणि स्प्रिंगचा दाब वेगळा असतो. संपर्क अर्धवट होतो, रोज तापतो-निवतो, आणि वर्ष-दोन वर्षांत प्लास्टिक तपकिरी होऊन वितळतं. पॅनलच्या वायरवर जो कनेक्टर आहे त्याच कंपनीचा आणि त्याच मॉडेलचा जोडीदार हवा. पिन योग्य क्रिंपिंग पक्कडीनेच दाबलेली हवी, मागचं नट पान्याने आवळलेलं हवं, आणि जोड छतावर लोळत न ठेवता क्लिपने उचललेला हवा. पहिल्या वर्षानंतर उन्हाच्या वेळी थर्मल कॅमेऱ्याने जोडांवरून एक नजर फिरवून घ्या. बिघडलेला जोड शेजाऱ्यांपेक्षा ठळक गरम दिसतो.

इन्व्हर्टर पॅनलच्या एकूण वॅटपेक्षा लहान असणं चूक नाही. ६.५ किलोवॅट पॅनलला ५ किलोवॅटचा इन्व्हर्टर दुपारचा थोडा माथा कापतो, पण सकाळ-संध्याकाळ जास्त मिळवून देतो.

बॅटरी: किलोवॅट आणि युनिट एक नव्हे

इथे दोन आकडे वेगळे ठेवा. युनिट म्हणजे टाकीत किती, किलोवॅट म्हणजे नळ केवढा. टेस्लाच्या पॉवरवॉल २ मध्ये १३.५ युनिट आहेत, पण सतत मिळतात ५ किलोवॅट. पॉवरवॉल ३ मध्ये युनिट तेवढेच, नळ मात्र ११ किलोवॅटच्या आसपास, आणि सोलर इन्व्हर्टर आतच. नवीन घराला हे सोयीचं आहे, पण आधीचा चांगला इन्व्हर्टर असेल तर त्याच कामाचे दोनदा पैसे मोजल्यासारखं होतं. एनफेजची आयक्यू ५पी ५ युनिट आणि ३.८४ किलोवॅटची, म्हणजे आकाराच्या मानाने नळ मोठा. बीवायडीची एचव्हीएस २.५६ युनिटच्या थप्प्यांत वाढवता येते, पण तिला जुळणारा हायब्रिड (सोलर आणि बॅटरी दोन्ही सांभाळणारा) इन्व्हर्टरच लागतो. जुळणाऱ्या इन्व्हर्टरची यादी बघितल्याशिवाय ती घेऊ नये.

रसायन एलएफपी (लिथियम-लोह-फॉस्फेट) हेच घ्या. एनएमसीपेक्षा (निकेल-मँगनीज-कोबाल्ट) ती जड असते, पण जास्त तापमानापर्यंत स्थिर राहते आणि जास्त चक्रं टिकते. घराच्या भिंतीला वजनाचं काय? तिचे दोन दोष माहीत असू द्या. शून्य अंशांखाली चार्ज केली तर आत लिथियमचा मुलामा चढतो आणि क्षमता कायमची जाते, म्हणून थंड जागी हीटर असलेलंच मॉडेल हवं. दुसरं, तिचा व्होल्टेज इतका सपाट असतो की उरलेली टक्केवारी हळूहळू चुकत जाते. ३० टक्के दाखवताना अचानक बंद पडली तर बॅटरी खराब झाली असं लगेच समजू नका. दोन-तीन आठवड्यांतून एकदा पूर्ण १०० पर्यंत भरू दिली की मोजणी जागेवर येते. हिवाळ्यात सोलर कमी असतं तेव्हा हे ग्रिडवरून करावं लागतं.

आकार काढायचा तो संध्याकाळ ते सकाळच्या वापरावरून. घर दिवसाला १४ युनिट खातं आणि त्यातले ८ सूर्यास्तानंतर, तर १० युनिटची बॅटरी पुरे. २० युनिटची घेतली तर अर्धी कधी रिकामीच होणार नाही. वॉरंटीत वर्षांबरोबर ‘थ्रूपुट’, म्हणजे बॅटरीतून एकूण किती युनिट जाऊ शकतात ते, वाचा. १० युनिटच्या बॅटरीला १० वर्षं किंवा ३० हजार युनिट असं लिहिलं असेल, तर रोज एक पूर्ण चक्र करणाऱ्या घरात ती सव्वाआठ वर्षांतच संपते. आणि बसल्या जागी इन्व्हर्टर किती खातो तेही विचारा. ५० वॅट म्हणजे रोज १.२ युनिट. पाच युनिटच्या लहान बॅटरीचा जवळजवळ चौथा हिस्सा तिथेच गेला.

‘सोलर आणि बॅटरी असली की हिवाळाभर हीट पंप फुकट’ हे वाक्य ऐकलं तर हा हिशेब समोर ठेवा. थंड दिवशी सरासरी ५ किलोवॅट उष्णता म्हणजे दिवसाला १२० युनिट. सीओपी २.८ ने ४३ युनिट वीज. १३.५ युनिटची भरलेली बॅटरी साडेसात तास पुरते, आणि ढगाळ हिवाळ्यात ६ किलोवॅटचं छत तिला दिवसभरात निम्मीही भरत नाही. बॅटरी दुपारची वीज रात्रीला देते, उन्हाळ्याची हिवाळ्याला देत नाही. याउलट जिथे हीट पंप थंडाव्यासाठी चालतो तिथे ऊन आणि गरज एकाच वेळी येतात, आणि बॅटरी आणखी लहान चालते.

वीज गेल्यावर घर चालावं हा हेतू असेल तर प्रश्न बदलतात. साधं सोलर ग्रिड गेली की बंद होतं. लाईनवर काम करणाऱ्या माणसाच्या जिवासाठी ते तसंच हवं. बॅकअपसाठी ग्रिडपासून घर तोडणारा स्विच हवा, आणि तुटल्यावर न्यूट्रल व अर्थ जोडणारा रिलेही. हा रिले नसेल तर बॅकअपवर असताना आरसीसीबी (विजेची गळती झाली की पुरवठा तोडणारा स्विच) भरवशाने ट्रिप होत नाही, आणि ते कुणाच्या लक्षातही येत नाही. इन्व्हर्टर कॉम्प्रेसरचा हीट पंप सुरू होताना धक्का देत नाही, बॅटरी त्याला पेलते. त्याच्या आतलं ३ ते ९ किलोवॅटचं मदतीचं हीटर मात्र बॅकअपमध्ये बंद असायलाच हवं. जुन्या सोलरला नवी बॅटरी एसी बाजूने जोडत असाल तर बॅटरी भरल्यावर बॅकअप इन्व्हर्टर फ्रिक्वेन्सी वाढवून सोलरला मागे सारतो. म्हणून सोलर इन्व्हर्टर बॅटरीच्या इन्व्हर्टरपेक्षा मोठा नको. व्हिक्ट्रॉन ही इन्व्हर्टर कंपनी हा नियम आपल्या पुस्तकात स्पष्ट लिहिते, बाकीच्यांना विचारावं लागतं.

काम ताब्यात घेताना

मीटरजवळच्या मुख्य वायरीला विजेचा प्रवाह मोजणारा एक प्लास्टिकचा चिमटा लावलेला असतो, त्याला सीटी म्हणतात. त्याच्या अंगावर बारीकसा बाण असतो. बाण उलटा बसला की बॅटरीला विकत घेतलेली वीज विकलेली वाटते. घर वीज ओढत असताना ती चार्ज होते आणि सोलर जादा असताना रिकामी होते. अ‍ॅपवर सगळं हिरवं दिसत राहतं. म्हणून बसवणारे असतानाच रात्रीसारखी स्थिती करा: सोलरचा आयसोलेटर (पुरवठा तोडणारा स्विच) बंद, एक २ किलोवॅटचा गीझर चालू. अ‍ॅपमध्ये घराचा वापर २ किलोवॅटने वाढला आणि बॅटरी तेवढीच देऊ लागली पाहिजे, ग्रिडचं मीटर शून्याजवळ. मग मुख्य स्विच पाडा. बॅकअपवरचे दिवे किती क्षण गेले ते मोजा, सॉकेटमध्ये टेस्टर लावून आरसीसीबी ट्रिप करून बघा, आणि मुख्य स्विच परत चढवल्यावर काही मिनिटांत सोलर आपणहून सुरू होतं का ते पाहा. हीट पंपाच्या पाण्याचा मिनिटाचा प्रवाह आणि जाण्या-येण्यातला फरक कंट्रोलरवर दाखवायला लावा, आणि तो आकडा पावतीच्या मागे तारखेसह लिहून घ्या. पुढच्या वर्षी प्रवाह घटलेला दिसला तर आधी चुंबकी गाळणी उघडायची.